तिघांची भागीदारी

पनवेल शहरास सार्वजनिक कारभाराचा अनुभव नवा नाही. येथे १८५२ साली नगरपालिका स्थापन झाली व २०१६ साली तिची महानगरपालिका झाली. लोकांचे काम एकट्यादुकट्याने पार पडत नाही, हे इतक्या जुन्या शहरास आम्ही सांगावयास नको. परंतु मुलांच्या शिक्षणाची गोष्ट निघाली की हे शहाणपण कोठे लोपते, न कळे! मूल मागे पडले की बाप शाळेकडे बोट दाखवितो, शिक्षक घराकडे दाखवितात, आणि अखेरीस दोघे मिळून मुलाच्याच माथी खापर फोडतात.

१९१७ साली शाहू छत्रपतींनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तेव्हा मुलास शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेविला होता. दंडाच्या धाकाने मूल शाळेच्या दारापर्यंत येईल. परंतु रात्री त्याच्याजवळ घटकाभर बसावयास बापास कोणता कायदा भाग पाडणार? पहाटेच्या लोकलने मुंबईस जाणाऱ्या नोकरदाराची व रात्री उशिरा दुकान बंद करणाऱ्या व्यापाऱ्याची अडचण आम्ही जाणतो. तथापि रोजकीर्द पाहिल्यावाचून ज्यास झोप येत नाही, त्याने मुलाची वही महिनोन्‌महिने उघडू नये, यास अडचण म्हणता येत नाही.

शिक्षकांसही आमचे सांगणे आहे. पालकांस नियमित भेटून मुलाची हजेरी व प्रगती त्यांस सांगणे हे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने त्यांचे कर्तव्यच ठरविले आहे, आणि शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली आहे. त्याच कायद्याने सरकारी व नगरपालिकांच्या शाळांतील व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश जागा पालकांस दिल्या. एवढा अधिकार हाती असता जो सभेस फिरकत नाही, त्याने तक्रार कोणत्या तोंडाने करावी?

राहिला विद्यार्थी. तो पेढीवरचा माल नव्हे, तिसरा भागीदार होय. त्याचे गणित त्यानेच सोडविले पाहिजे. शिकवणी लावून ते काम दुसऱ्यावर सोपविता येत नाही. मात्र ‘मला समजले नाही’ असे निर्भयपणे म्हणण्याची मोकळीक त्यास वडीलधाऱ्यांनी दिली पाहिजे. ती नसेल तर त्याच्याकडून जबाबदारीची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल.

म्हणून आमची सूचना साधी आहे. पुढील पालकसभेस तासभर दुकान बंद ठेवून जावे, मुलासही बरोबर न्यावे, आणि तिघांनी समोरासमोर बसून पुढच्या महिन्यात कोणी काय करावयाचे ते ठरवावे. तेवढ्या तासाने कोणाचे दिवाळे निघाल्याचे आमच्या ऐकिवात नाही.