वेबसाइट: नाव विकत, डागडुजी फुकट

व्यापारी बांधवांनो, दुकानाची पाटी परक्या भिंतीवर रंगवू नका. गूगलने छोट्या दुकानदारांना दिलेल्या फुकट वेबसाइट मार्च 2024 मध्ये बंद झाल्या. वेबसाइटचे नाव पैसे मोजून स्वतःचेच घ्यावे. डागडुजी मात्र फुकटात होते.

सुरक्षिततेच्या प्रमाणपत्राचे एकाने मला चार हजार सांगितले. 'लेट्स एन्क्रिप्ट' ही संस्था तेच बिनपैशात देते. वेबसाइट मोबाइलवर रखडत होती. 'पेजस्पीड इनसाइट्स'ने दाखवले, दोष माझ्याच जड फोटोंचा! 'स्क्वूश'वर ते हलके केले. फार दाबू नका मात्र, कापडाचा पोत दिसेनासा होतो, आणि गिऱ्हाईक पोतच बघते. लोक काय शोधत आपल्यापर्यंत येतात, ते गूगलचे 'सर्च कन्सोल' सांगते. मी 'साडी विक्रेते' लिहून बसलो होतो. लोक शोधत होते नऊवारी.