नावं जमवू नका, फटी बुजवा!

आधीच सांगतो, मी मुंबई इंडियन्सचा पाठीराखा. पाचही करंडक नाचत साजरे केलेत. त्यामुळे खालचं वाचून ‘हा चेन्नईवाला दिसतोय’ असं म्हणायच्या आधी जरा थांबा.

दरवर्षी लिलाव झाला की आपल्याकडे तीच चर्चा. ‘कोण मोठा आला?’ रोहित, सूर्या, बुमराह, हार्दिक, तिलक अशी नावं मोजायची आणि करंडक आपलाच म्हणायचं. अरे, नावं मोजून संघ होत असता तर २०२४ मध्ये आपण १४ पैकी ४ सामने जिंकून दहाव्या नंबरवर, म्हणजे तळाला बसलो नसतो.

संघ म्हणजे लग्नातला आहेर नाही, सगळेच भारी आणि सगळ्यांचे तीन-तीन नग! पॉवरप्लेमध्ये विकेट काढणारा एक, मधल्या षटकांत धावा रोखणारा फिरकीवाला, शेवटच्या चार षटकांत यॉर्कर टाकणारा, कीपर, सातव्या नंबरवर दहा चेंडूंत पंचवीस काढणारा. त्यात परदेशी चारच खेळवायचे. यातली एक जागा रिकामी राहिली की समोरचा कॅप्टन नेमका तिथेच घुसतो.

हे आपल्या मालकांना कळत नव्हतं असं नाही. एकेकाळी हे त्यांच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं! २०१९ च्या हंगामाआधी बंगळुरूकडून क्विंटन डी कॉक घेतला. कीपर हवा होता, ओपनर हवा होता, डावखुरा मिळाला तर सोन्याहून पिवळं. तिन्ही कामं एका माणसात. त्या वर्षी संघाच्या सर्वाधिक धावा त्याच्या, ५२९. करंडक आपला. मग बुमराहच्या जोडीला नवा चेंडू स्विंग करणारा नव्हता, म्हणून दिल्लीकडून ट्रेंट बोल्ट घेतला. २०२० ची फायनल कुणाशी? दिल्लीशीच. पहिल्याच चेंडूवर स्टॉइनिस गेला, सामनावीर बोल्ट. ह्याला म्हणतात ट्रेड. दुसऱ्याच्या घरातली अडगळ आणि आपल्या घरातली फट, दोन्ही ओळखता आली पाहिजेत.

आणि मग २०२२ चा मेगा लिलाव. ईशान किशनवर १५.२५ कोटी. जोफ्रा आर्चरवर ८ कोटी, आणि तो त्या वर्षी खेळणार नाही हे माहीत असताना! बोल्ट गेला, डी कॉक गेला, कृणाल गेला, राहुल चहर गेला. ओळीने पहिले आठ सामने हरलो. तेव्हा आपण नशिबाला दोष दिला. नशीब कसलं? बॉलिंगच नव्हती!

उलट २०२३ बघा. बुमराह अख्खा हंगाम बाहेर. तरी क्वालिफायर-२ पर्यंत पोचलो. कुणाच्या जिवावर? ५० लाखांच्या पीयूष चावलाच्या, २२ विकेट. आणि लखनौविरुद्ध ५ धावांत ५ बळी घेणाऱ्या आकाश मधवालच्या. २०२५ मध्येही तेच. ३० लाखांचा अश्वनी कुमार वानखेडेवर पदार्पणात कोलकात्याचे चार काढतो. स्वस्तातली माणसं योग्य जागी बसली की संघ उभा राहतो, हे आपल्याच संघाने आपल्याला दोनदा दाखवलंय.

आता खरा मुद्दा, जो कुणी बोलत नाही.

खर्चाला मर्यादा असते ती कशाला? मोठ्या मालकाने बाजार उचलून नेऊ नये म्हणून. पण ट्रेडमध्ये खेळाडूचा पगार तेवढा त्या मर्यादेत मोजतात. जुन्या संघाला दिलेली ट्रान्सफर फी मोजत नाहीत आणि जाहीरही करत नाहीत. नोव्हेंबर २०२३ मध्ये १७.५ कोटींचा कॅमेरॉन ग्रीन बंगळुरूला दिला, जागा केली आणि १५ कोटींचा हार्दिक गुजरातहून आणला. कागद चोख. पण गुजरातला वर किती दिले? अधिकृत आकडा आजपर्यंत नाही. गल्लीतल्या गणेश मंडळाला वर्गणीचा हिशोब बोर्डावर लावावा लागतो, आणि इथे कोट्यवधींचा व्यवहार बंद पाकिटात! फायदा आपल्याच संघाला झाला, म्हणून मी गप्प बसू? उद्या दुसरा कुणी हाच दरवाजा वापरून बुमराह नेईल, तेव्हा कुठल्या तोंडाने ओरडणार?

आणि शिक्षा कुणाला झाली बघा. व्यवहार मालकांनी केला, रोहितची कॅप्टन्सी त्यांनी काढली, आणि वानखेडेवर हुर्यो आपण हार्दिकची उडवली. ज्यांनी निर्णय घेतला ते एसी बॉक्समध्ये निवांत.

‘मग मुंबईचीच पोरं घ्या’ म्हणणाऱ्यांनाही सांगतो, आडनाव बघून संघ होत नाही. पण विरारचा आयुष म्हात्रे, सतरा वर्षांचा, २०२५ मध्ये ऋतुराजच्या जागी ३० लाखांत चेन्नईला मिळतो आणि आपल्या दाराशी असून आपल्याकडे येत नाही, हा भावनेचा प्रश्न नाही. ही शोध घेणाऱ्यांची चूक आहे. चर्चगेटवरून विरार लोकल पकडायची होती, एवढंच.

यंदा बरं चाललंय हे मान्य. ७५ कोटी पाच जणांत अडकलेले, लिलावाला जाताना खिशात २.७५ कोटी. तरी पालघरचा शार्दुल ट्रेडने २ कोटींत आला, रदरफर्ड आला, फिरकीला मार्कंडे आला आणि लिलावात डी कॉक १ कोटीत परत घरी. फटी बुजवायला पुन्हा सुरुवात झालीय. पण पाचातले दोन जखमी झाले तर बाकावर कोण, याचं उत्तर अजून नाही.

म्हणून मागणी दोनच. बोर्डाने ट्रान्सफर फी जाहीर करावी आणि ती खर्चाच्या मर्यादेत मोजावी. आणि आपण, तिकीट काढून ओरडणाऱ्यांनी, पुढच्या वेळी ‘कोण मोठा आला?’ विचारू नये. ‘कुठली जागा रिकामी आहे?’ हे विचारावं.

शिव्या घालायच्या तर खुशाल घाला. पण आधी आपली अकरा जणांची टीम कागदावर मांडून बघा, आणि एकोणिसावं षटक बुमराहने टाकलं तर विसावं कोण टाकणार, ते सांगा.