हातोडा पडण्याआधी

पावसाळा ओसरला की जंगलातल्या कामांचे चक्र पुन्हा फिरू लागते. बांबूचे कूप उघडतात, रोपवनांतल्या विरळणीची आखणी होते, जाळरेषांची अंदाजपत्रके मंजुरीसाठी वर जातात. पुढच्या काही महिन्यांत राज्यभर असंख्य झाडांच्या बुंध्यांवर चिन्हांकनाचा हातोडा पडेल. लावलेले रोप जगले नाही तर पुढच्या पावसात पुन्हा लावता येते. चुकलेला हिशेब दुरुस्त करता येतो. चुकीच्या झाडावर पडलेला हातोडा मात्र परत घेता येत नाही. असे असूनही वनकर्मचाऱ्याला सर्वांत कमी सराव याच कामाचा मिळतो. या अंकात त्याबद्दल थोडे सविस्तर लिहायचे आहे.

सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात १२ डिसेंबर १९९६ रोजी दिलेल्या आदेशानंतर मंजूर कार्ययोजनेशिवाय जंगलात कुऱ्हाड चालवता येत नाही. कार्ययोजना कशी तयार करावी यासाठी २०१४ ची राष्ट्रीय संहिता आली आणि २०२३ मध्ये तिची सुधारित आवृत्तीही निघाली. ही शिस्त आवश्यकच आहे. पण कार्ययोजना आपल्याला कक्ष सांगते, वर्ष सांगते, पद्धत सांगते; झाड सांगत नाही. कक्षात पोचल्यावर समोरच्या दोन सागांपैकी कोणता काढायचा आणि कोणता राखायचा, हे तिथे उभ्या असलेल्या वनपालाला आणि वनरक्षकालाच ठरवावे लागते. शाश्वत व्यवस्थापन हा शब्द धोरणाच्या कागदावर कितीही वेळा आला, तरी त्याची परीक्षा होते ती या एका निर्णयात.

सागाच्या रोपवनाचेच घ्या. दोन मीटर बाय दोन मीटर अंतराने लावले, तर हेक्टरी २,५०० रोपे बसतात. काही वर्षांतच शेंडे एकमेकांना भिडतात आणि उजेडासाठी चढाओढ सुरू होते. पहिली विरळणी सोपी असते, कारण ओळी मोजून एकाआड एक झाड काढायचे असते. खरी कसोटी दुसऱ्या विरळणीपासून पुढे लागते. आता ओळ नाही, झाड पाहायचे असते: खोड सरळ आहे का, शेंडा भरलेला आहे का, दुबेळके फुटले आहे का, शेजारच्याला ते किती दाबते आहे. विरळणी लांबली की झाडे उंच वाढतात, पण शेंडा आखूड राहतो, आणि एकदा आखडलेला शेंडा नंतर जागा मिळाली तरी पुरता भरून येत नाही. उलट, विरळणीच्या नावाखाली जाड, सरळ झाडेच काढली, तर मागे वाकडी आणि दबलेली झाडे उरतात व पुढची पिढी त्यांच्याच बियांतून येते. यातली कोणतीही चूक त्या वर्षी दिसत नाही. शेतकऱ्याचे काही चुकले तर एका हंगामात त्याला कळते. जंगलात कळायला वीस वर्षे लागतात, आणि तोवर तो निर्णय घेणाऱ्याची सहा-सात वेळा बदली झालेली असते किंवा तो निवृत्त झालेला असतो. आपल्या चुकीचे फळ स्वतः पाहण्याची सोय ज्या पेशात नाही, त्या पेशात प्रशिक्षणाची जबाबदारी कितीतरी वाढते.

या विद्येची सुरुवात प्रत्यक्ष जंगलातच झाली होती. मुंबई इलाख्यात १८४७ मध्ये अलेक्झांडर गिब्सन यांची वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली. डीट्रिश ब्रँडिस १८५६ मध्ये ब्रह्मदेशातल्या पेगूमध्ये आले, तेव्हा तिथे साग किती आहे याची नोंद कोणाकडेच नव्हती. हत्तीवर बसून ते जंगलातून सरळ रेषेत जात आणि दिसणाऱ्या प्रत्येक सागाच्या जाडीप्रमाणे बांबूच्या कांबीवर चाकूने खाच पाडत. त्या खाचांच्या बेरजेवरून त्यांनी हिशेब मांडला की, खालच्या वर्गातून जेवढी झाडे तोडण्याजोगी होत जातील, तेवढीच वरच्या वर्गातून काढायची. पुढे त्यांच्याच पुढाकाराने १८७८ मध्ये डेहराडूनला वनविद्यालय उभे राहिले. वसाहतकाळातल्या वनव्यवस्थेने गावांचे हक्क हिरावले, हे आपण विसरू शकत नाही आणि विसरूही नये. पण झाड मोजल्याशिवाय झाड तोडायचे नाही, ही शिस्त त्या काळाकडून घेण्यासारखी आहे.

आज आपल्याकडे चिखलदरा, पाल, शहापूर, जालना इथली प्रशिक्षण केंद्रे आहेत, कुंडलची प्रबोधिनी आहे, चंद्रपूरची वन अकादमी आहे. दापोली आणि अकोल्याला वनशास्त्राचे पदवी शिक्षण मिळते. या संस्थांनी वनकर्मचाऱ्यांच्या पिढ्या घडवल्या. तिथे वनकायदे, सर्वेक्षण, वन्यजीव, रोपवाटिका, गुन्हे तपास असे कितीतरी विषय मर्यादित महिन्यांत बसवावे लागतात. त्यामुळे संस्थेत मिळते ती सुरुवात. खरे शिक्षण नियतक्षेत्रात व्हायला हवे, आणि नेमके तिथे शिकवणारे कोणी नसते. नवा वनरक्षक पहिल्या चिन्हांकनाला उभा राहतो, तेव्हा त्याच्या हातात टेप असतो, गेरूचा डबा असतो, नोंदवही असते. १.३७ मीटर उंचीवर घेर मोजायचा, उतारावर चढाच्या बाजूने मोजायचा, हातोड्याची खूण बुंध्याला अगदी खाली उमटवायची म्हणजे तोडीनंतरही ती खुंटावर राहते आणि तपासता येते, हे सगळे त्याला पाठ असते. झाड निवडायचे कसे, याचा सराव मात्र त्याला कोणी दिलेला नसतो.

युरोपात यासाठी एक साधा उपाय रूढ झाला आहे. त्याला मार्टेलोस्कोप म्हणतात. साधारण एक हेक्टर जंगल कायमचे सरावासाठी राखायचे. त्यातल्या प्रत्येक झाडाला क्रमांक द्यायचा. जात, जाडी, उंची, नकाशावरची जागा, लाकडाची प्रत नोंदवायची. ढोल्या, वाळलेल्या फांद्या, साल सुटलेली जागा अशा वन्यजीवांच्या आसऱ्यांचीही नोंद करायची. मग प्रशिक्षणार्थींच्या दोघा-तिघांच्या गटांना ठरावीक उद्दिष्ट देऊन झाडे निवडायला सांगायची. एकही झाड तोडले जात नाही, निवड फक्त कागदावर किंवा टॅबलेटवर होते. शेवटी प्रत्येक गटाच्या निवडीचा हिशेब समोर मांडला जातो: किती लाकूड निघाले, किती पैसे आले, मागे काय उरले, किती ढोल्या गेल्या. युरोपियन फॉरेस्ट इन्स्टिट्यूटच्या पुढाकाराने अनेक देशांत अशा जागांचे जाळे तयार झाले आहे. या सरावांतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे. एकाच तुकड्यात, एकाच सूचनेनुसार, अनुभवी माणसांनी निवडलेली झाडेही एकमेकांशी फारशी जुळत नाहीत. म्हणजे ज्याला आपण नजर म्हणतो आणि अनुभवावर सोडून देतो, ती घासून घ्यावी लागते, आणि ती चारचौघांसमोर कारणे सांगतानाच घासली जाते.

हे आपल्याकडे करायला सॉफ्टवेअरची वाट पाहायला नको. टेप, गेरू, कॅलिपर आणि तक्त्याचे कागद एवढ्यावर काम भागते. तक्त्याचे रकाने मात्र आपल्या जंगलाचे हवेत. गडचिरोली-चंद्रपूरच्या मिश्र जंगलात साग, ऐन, धावडा, बिजा यांच्याबरोबर मोह, तेंदू, चारोळीही उभी असते. तिथे इमारती लाकडाचा एकच रकाना ठेवला, तर मोहाची किंमत शून्य लागेल, आणि ज्या घराला दर उन्हाळ्यात मोहफुलांचा आधार आहे त्या घराच्या हिशेबात तो शून्य चूक आहे. वाकडे, पोकळ झाड लाकडाच्या रकान्यात निरुपयोगी ठरते, पण त्याच्याच ढोलीत धनेश वीण घालतो. नाल्याच्या काठचे झाड कितीही चांगले असले, तरी त्याच्या मुळांनी काठ धरून ठेवलेला असतो. हे सगळे रकाने शेजारी शेजारी मांडले की कोणत्या झाडावर हातोडा मारताना आपण काय देतो आणि काय घेतो, हे शिकणाऱ्याला डोळ्यांनी दिसते.

बांबूच्या बाबतीत हा सराव आणखी तातडीचा आहे, कारण तिथे तोडीचे फेरे तीन-चार वर्षांनी येतात आणि चूक लवकर भोवते. मानवेलाच्या बेटासमोर उभे राहून आधी वय ओळखायला शिकवावे लागते. यंदाच्या पावसात आलेल्या करल्याच्या पेरांवर कोष चिकटलेले असतात आणि अंगावर पांढरट भुकटी असते. त्याच्या मागच्या वर्षीचा तो महिला. कोष गळालेले, रंग हिरवा. त्याहून जुना तो पकिया; रंग पिवळसर पडलेला, अंगावर डाग आलेले. करल्याला हात लावायचा नाही. पकिया काढायचा, पण सगळा नाही. जमिनीखालच्या कंदाला नवे कोंब पोसण्यासाठी आणि त्या कोंबांना वाऱ्यात आधार मिळण्यासाठी काही जुन्या काठ्या बेटात राहाव्याच लागतात. तोड जमिनीलगत आणि पेराच्या लगेच वर घ्यायची. पेराच्या वर पोकळी उरली तर तिच्यात पाणी साचते आणि कूज शिरते. मजुराला सोपी पडते ती बाहेरच्या कडेची काठी, पण नवे कोंब कडेलाच येत असतात. कडा तोडत गेले की मधले बेट गुंतून दाटते आणि पुढच्या फेऱ्यात आत हातही जात नाही. म्हणून एका बाजूने वाट उघडून आतल्या जुन्या काठ्या काढायच्या. हे वर्गात चित्र काढून सांगता येते, पण एखाद्याने बेटाच्या आत शिरून अशी एक काठी काढली की ते कायमचे लक्षात राहते.

हे प्रशिक्षण फक्त खात्याच्या माणसांसाठी ठेवता येणार नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(झ) ने सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण, पुनर्निर्माण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभांना दिला, आणि याच कायद्याने बांबू गौण वनोपजात धरला. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने २०१२ मध्ये हक्क मिळाल्यावर बांबूची तोड स्वतःच्या नियमांनी सुरू केली, आणि तेंदूपाने तोडायचीच नाहीत असा निर्णय घेतला. चांगली पाने यावीत म्हणून होणारी छाटणी आणि लावला जाणारा वणवा या दोन्हींनी जंगलाची हानी होते, हे त्या गावाने ओळखले होते. हा शुद्ध वनशास्त्रीय निर्णय आहे आणि तो गावाने घेतला आहे. त्यामुळे ग्रामसभेतले तरुण आणि वनरक्षक एकाच सराव-हेक्टरात, एकाच तक्त्यावर शिकायला हवेत. एकाला कार्ययोजनेची भाषा येते, दुसऱ्याला प्रत्येक मोहाचे झाड बहरावरून माहीत असते. एकमेकांची कारणे एकदा जंगलात ऐकली, तर पुढचे कित्येक वाद तालुक्याच्या कचेरीपर्यंत जाणार नाहीत.

वणव्याचे शिक्षणही असेच एकत्र व्हावे. वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारीला सुरू मानला जातो. त्याआधी जाळरेषा जाळायची ती वारा पडलेला असताना, आग वाऱ्याच्या विरुद्ध सरकेल अशी. मोहाखालचा पाला जाळण्याऐवजी झाडून गोळा करायचा किंवा जाळी अंथरायची. झाड पाडताना ते पडायच्या बाजूला आधी खाच घ्यायची आणि मागे सरकायची वाट मोकळी ठेवायची. या गोष्टी सूचनापत्रकात आहेतच. त्या हातांत उतरायच्या असतील, तर दरवर्षी हंगामाआधी करून दाखवायला हव्यात, आणि मजुरांनाही त्या दिवसाची मजुरी देऊन बोलवायला हवे. कुऱ्हाड शेवटी त्यांच्याच हातात असते.

आमच्या सूचना मोजक्या आहेत. प्रत्येक परिक्षेत्राने एक हेक्टर जंगल सरावासाठी राखावे. त्यातल्या झाडांची पाच वर्षांनी पुन्हा मोजणी व्हावी, म्हणजे कोणते झाड किती वाढले हे पुढच्या तुकडीला आकड्यांत दिसेल. सरावाची नोंदवही कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत असावी. नेमणुकीचा कार्यकाळ साधारण तीन वर्षांचा असतो. अधिकारी जावा, पण जंगलाची नोंद जाऊ नये. निवृत्त वनपाल आणि आयुष्य कुपात घालवलेले मजूर यांना मानधन देऊन शिकवायला बोलवावे. आणि नव्या वनरक्षकाने असा सराव पूर्ण केल्याशिवाय त्याच्या हाती चिन्हांकनाचा हातोडा देऊ नये.

कामाचा ताण किती आहे, याची आम्हाला कल्पना आहे. अतिक्रमण, वाघ-बिबट्यांशी होणारा संघर्ष, न्यायालयीन तारखा, रिक्त पदे यांतून सरावासाठी दिवस काढणे सोपे नाही. पण हातोडा तर या वर्षीही पडणारच आहे. तो शिकलेल्या हाताने पडावा यासाठी हंगामातला एक दिवस मागणे अवास्तव नाही.

म्हणून वनपाल, वनरक्षक आणि ग्रामसभेच्या सर्व मित्रांना विनंती: कूप उघडण्याआधी आपल्या भागातला एक तुकडा निवडा, झाडांना क्रमांक द्या, दोन गट पाडा आणि कागदावर चिन्हांकन करून पाहा. दोन्ही तक्ते, गटांची कारणे आणि झालेले मतभेद आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकांपासून अशा तक्त्यांसाठी आम्ही कायम जागा ठेवू, अनुभवी वनाधिकाऱ्यांचे आणि गावकऱ्यांचे अभिप्राय त्यासोबत छापू. मेळघाटातला सराव सिंधुदुर्गात वाचला जाईल आणि गडचिरोलीतला यावलमध्ये, तेव्हा एका माणसाला वीस वर्षांत येणारी समज अनेकांना त्याहून लवकर येईल. आपल्या जंगलांकडे एवढा वेळ आता उरलेला नाही, म्हणून हे काम याच हंगामात सुरू व्हायला हवे.