व्हिसा कोणता, यापेक्षा दोर कोणाच्या हाती?

सीताबर्डीत परदेशी शिक्षणाची चौकशी केली की इंग्लंडबद्दल ठरलेले उत्तर मिळते : "शिकून झाल्यावर दोन वर्षे वर्क परमिट आहेच, काळजी नको." हे अर्धसत्य आहे. पाठीशी शेती-दुकान असणाऱ्याला अर्धसत्य परवडते. शिष्यवृत्तीवर जाणाऱ्या आपल्या पोरांना नाही.

ग्रॅज्युएट व्हिसाला मालकाची हमी लागत नाही. नोकरी पटली नाही तर सोडता येते. पण तो वाढवून मिळत नाही आणि स्किल्ड वर्कर मार्गाने कायम वास्तव्य मिळवण्याच्या हिशेबात ही वर्षे धरली जात नाहीत. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या मास्टर्सवाल्यांना तर दीडच वर्ष मिळेल.

स्किल्ड वर्कर व्हिसा कायम वास्तव्याकडे नेतो, पण तुम्ही मालकाच्या स्पॉन्सरशिपला बांधले जाता. पगाराची सर्वसाधारण अट वर्षाला ४१,७०० पौंड. नव्या पदवीधरांना मर्यादित काळासाठी ३३,४००. नोकरी गेली की सहसा ६० दिवसांत नवा स्पॉन्सर शोधा, नाहीतर देश सोडा. जात तिथेही पोहोचली आहे, आणि ब्रिटनच्या २०१० च्या समता कायद्यात 'जात' हा शब्द अजून स्वतंत्रपणे संरक्षित नाही. वरिष्ठ जातीयवादी निघाला तर बांधलेला माणूस तोंड कसे उघडणार?

म्हणून माझे मत स्पष्ट आहे : आधी ग्रॅज्युएट व्हिसा घ्या, पण स्पॉन्सर देणारी नोकरी पहिल्या दिवसापासून शोधा. पगाराची सवलत संपण्याआधी, मालक पारखून मगच बदल करा.

आणि एजंट न सांगणारी गोष्ट. मागच्या १२ महिन्यांत सरकारी शिष्यवृत्तीतून फी आणि राहण्याचा खर्च दोन्ही मिळाले असतील, तर या दोन्ही व्हिसांसाठी त्या सरकारचे लेखी संमतीपत्र लागते. त्यामुळे बाँडवर सही करण्याआधी प्रत्येक अट वाचा. हे पत्र ठराविक मुदतीत मिळावे, ही मागणी आता चळवळीने सामाजिक न्याय विभागाकडे लावून धरली पाहिजे. फाइल टेबलावर पडून राहिली, तर व्हिसाची मुदत थांबत नाही.

"समाजाच्या पैशाने शिकलात, परत या," असे काही जण सुनावतील. बाबासाहेबही बडोद्याशी केलेल्या करारानुसार १९१७ मध्ये परतले. तेव्हा बडोद्यात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पुढे पैसे जमवून १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि शिक्षण पूर्ण केले. समाजाचे ऋण फेडायचेच आहे. पण कधी आणि कुठून, हे आपल्या पोरांनी ठरवावे. मालकाने नाही, एजंटाने तर मुळीच नाही.

जय भीम!