देव्हारा गेला, मशेरीची डबी राहिली

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला परमपूज्य बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली आणि आपल्या घरांतून देव्हारे गेले, नवससायास गेले, अंगात येणे गेले. पण चुलीमागच्या फळीवरची एक डबी कोणी हलवली नाही. पुढे चूल जाऊन गॅस आला, पत्रा जाऊन स्लॅब पडला, तरी ती डबी ओट्यावर साखरेच्या डब्याशेजारी तशीच उभी आहे. ती मशेरीची डबी. वाचक भगिनींनो, आज आम्ही दातांविषयी लिहिणार आहोत, आणि आमच्या मते आपल्या वस्त्यांत दातांचा विषय या डबीपासूनच सुरू करावा लागतो.

पिंपरी-चिंचवडला कारखाने आले आणि मराठवाडा, विदर्भ, सोलापूर, सातारा अशा चहूकडून आपली माणसे पोटासाठी इकडे आली. कोणी निगडीच्या ओटा स्कीममध्ये राहिले, कोणी दापोडीला, भोसरीला, अलीकडे कोणी चाकणच्या बाजूला खराबवाडी-नाणेकरवाडीत खोल्या घेऊन राहिले. येताना गावाकडून जे सामान आले त्यात मशेरीही आली. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, हाताने चुरायची, डबीत भरायची आणि सकाळी बोटावर घेऊन दातांना लावायची. पुष्कळ बायांची सुरुवात दाढदुखीपासून होते. दाढ ठणकते, शेजारीण म्हणते, "चिमूटभर लावून बघ गं." लावली की हिरडी बधिर होते, ठणका दबतो. दाढ आतून किडतच राहते, पण बाईला वाटते गुण आला. मग सकाळची एक वेळ दुपारी दुसरी होते, रात्री तिसरी होते. मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, डोके जड होते, कामाला हात लागत नाही, असे त्या सांगतात. ते खोटे नाही. पण तो दातांचा गुण नव्हे, निकोटिनची सवय आहे. विडीवाल्याला विडीशिवाय सकाळ होत नाही, तसेच हे.

मशेरीने दात स्वच्छ होत नाहीत. हिरड्या मागे सरकतात, दातांची मुळे उघडी पडतात, दात काळवंडतात आणि पन्नाशीच्या आत हलू लागतात. तोंडाच्या कर्करोगाची भीती वेगळीच. आणि ज्या घरात सून गरोदर आहे त्या घराने पुढील गोष्ट नीट वाचावी. मुंबईत १२१७ महिलांचा अभ्यास झाला व तो २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. त्यातल्या तंबाखू घेणाऱ्या बहुतेक महिला मशेरीच लावणाऱ्या होत्या. अशा मातांच्या बाळांचे वजन इतर बाळांपेक्षा सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले, आणि दिवस पूर्ण होण्याआधीच बाळंतपण होण्याचे प्रमाणही त्यांच्यात जास्त आढळले. बाई मशेरी दाताला लावते, पण ती पोटातल्या लेकरापर्यंत पोचते.

सरकारने १९९२ साली तंबाखू घातलेल्या टूथपेस्ट व दंतमंजनांवर बंदी घातली. उत्पादक सर्वोच्च न्यायालयात गेले, तेथेही १९९७ मध्ये बंदी कायम राहिली. म्हणजे दात घासायच्या वस्तूत तंबाखू नको हे कायद्याने ठरून गेले आहे. पण आपल्याच तव्यावर भाजलेल्या तंबाखूला कोणता इन्स्पेक्टर येऊन पकडणार?

काही उपासक मंडळी आम्हाला ऐकवतात की पंचशीलात तंबाखूचे नाव कोठे आहे? खरे आहे, नाही. असणार कसे? तंबाखू या देशात पोर्तुगीजांच्या काळात आली, भगवंतांच्या महापरिनिर्वाणानंतर सुमारे दोन हजार वर्षांनी. पाचव्या शीलात मद्याचे नाव घेऊन भगवंतांनी 'पमादट्ठान' हा शब्द ठेवला आहे. जे मनाला बेसावध करते, ज्याच्यावाचून राहवत नाही, त्यापासून अलिप्त राहण्याचे ते शील आहे. त्यात मशेरी बसते की नाही हे ज्याने त्याने घरी बसून ठरवावे. बाबासाहेबांनी २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत आपल्या आयाबहिणींना स्वच्छ राहायला आणि व्यसनांपासून दूर राहायला सांगितले होते. ते ऐकणाऱ्या बाया आज हयात नसतील, त्यांच्या नाती-पणती या पट्ट्यात नोकरी करीत आहेत.

मशेरी सोडवायची तर भांडून सुटत नाही. सासूबाईंची डबी सुनेने परस्पर फेकून दिली तर घरात महिनाभर अबोला होतो आणि नवी डबी दुकानातून येते. आधी त्यांची दुखरी दाढ डॉक्टरांना दाखवा, कारण दुखणे गेल्याशिवाय बधिरतेची गरज जात नाही. मग दिवसातली एक वेळ कमी करा, आठवड्याने दुसरी. पहिले दहा-पंधरा दिवस चिडचिड होते, डोके दुखते, शौचाला त्रास होतो. त्यासाठी पाणी भरपूर, पालेभाजी, आणि तोंडात चघळायला बडीशेप. घरातल्यांनी तेवढे दिवस त्यांचे बोलणे पोटात घालावे. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी सरकारचा १८००-११-२३५६ हा मोफत फोन आहे, त्याचाही उपयोग करावा.

दात घासणे ही इंग्रजांनी शिकवलेली गोष्ट, असा एक समज आहे. विनयपिटकातील चुल्लवग्गात पाहा. भिक्खू दातवण करीत नसत, त्यांच्या तोंडाला दुर्गंधी येई. तेव्हा भगवंतांनी दातवण न करण्याचे पाच तोटे सांगून त्याची अनुज्ञा दिली. तोंडाला वास येतो, जिभेची चव जाते, अन्नावर कफ-पित्ताचा लेप बसतो, जेवण गोड लागत नाही, आणि डोळ्यांना अपाय होतो, असे ते पाच तोटे. यातला डोळ्यांचा मुद्दा आजचे वैद्यक मानत नाही. कालाम सुत्ताने आपल्याला पारखून घ्यायला शिकवले आहे, तेव्हा तो बाजूला ठेवायला हरकत नाही. पुढची गंमत अशी की काही भिक्खूंनी लांबच लांब काड्या वापरायला घेतल्या आणि त्यांनीच श्रामणेरांना मारू लागले. म्हणून काडी आठ बोटांपेक्षा लांब नसावी असा नियम झाला. मग एकाने फारच आखूड काडी घेतली, ती घशात अडकली. म्हणून चार बोटांपेक्षा आखूडही नसावी असे ठरले. सातव्या शतकात भारतात आलेल्या इत्सिंग या चिनी भिक्खूनेही येथल्या विहारांतील दातवणाच्या रीतीवर एक प्रकरण लिहून ठेवले आहे. तोंड धुणे ही आपल्या धम्माची जुनी शिस्त आहे.

आज कडुनिंबाची किंवा बाभळीची ताजी, मऊ चावलेली काडी वाईट नाही. पण ती सगळ्या दाढांच्या मागे पोचत नाही, आणि चाकणच्या खोलीवर राहणाऱ्याने ती रोज आणायची कोठून? मऊ केसांचा ब्रश आणि फ्लोराइड असलेली साधी पेस्ट पुरे. महागडी पेस्ट जास्त काम करते असे मुळीच नाही. राख, विटेची भुकटी, कोळसा, खरखरीत काळे मंजन यांनी दात पांढरे दिसतात खरे, पण वरचे कवच झिजते आणि मग गार पाणी लागले की कळ येते. ब्रश आडवा करवतीसारखा ओढू नये. हिरडीकडून दाताच्या टोकाकडे, आतून बाहेरून, दोन मिनिटे. केस पसरले की ब्रश बदलावा, साधारण तीन महिन्यांनी. हिरडीतून रक्त आले म्हणून घासणे थांबवणारे पुष्कळ आहेत. रक्त येते ते तेथे घाण साचल्यामुळे, तेव्हा तेथे हलक्या हाताने पण जरूर घासावे, आणि आठवड्यात थांबले नाही तर दाखवावे. मधुमेह असलेल्यांच्या हिरड्या लवकर बिघडतात, त्यांनी विशेष जपावे.

सर्वांत महत्त्वाचे घासणे रात्रीचे. झोपेत तोंडातली लाळ कमी होते, दात धुतले जात नाहीत, आणि जेवणाचे कण सात-आठ तास तसेच राहतात. रात्रपाळीवाल्याने 'रात्र' म्हणजे आपली झोपायची वेळ समजावी, मग ती सकाळी नऊची का असेना.

आपल्या भाषेत दाताला 'कीड लागली' म्हणतात आणि या एका शब्दाने फार घोटाळा केला आहे. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातले किडे पाडून दाखवणारे लोक बाजारात बसतात, आणि शिकलेली माणसेसुद्धा त्यांच्यापुढे तोंड उघडतात. दातात किडा नसतो. डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात, ते साखर खाऊन आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात पोखरते. धुरीने ठणका तासभर कमी झाला तरी भोक तेथेच राहते. म्हणूनच किती गोड खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले हे मोजावे. पाळीमध्ये चार वेळा साखरेचा चहा आणि प्रत्येक चहाबरोबर बिस्किटे, म्हणजे दातांवर चार वेळा आम्लाचा हल्ला. चहा सोडा असे आम्ही म्हणत नाही, कोणी ऐकणारही नाही. बिस्किटे एका वेळेपुरती ठेवावीत आणि नंतर खळखळून चूळ भरावी.

लहान मुलांबाबत एक गोष्ट आयांना कोणी सांगत नाही. दुधाचे दात वीस. सहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्या मागे, कोणताही दात न पडता, एक नवीन दाढ येते. आई समजते ही दुधाचीच, किडली तरी पडून नवी येईल. ती येत नाही. ती कायमची दाढ आहे, जन्मभराची. पहिलीत गेलेल्या मुलाचे तोंड उजेडात उघडून मागे बघा. तीन वर्षांच्या आत पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी, आणि सात-आठ वर्षांपर्यंत घासताना मोठ्या माणसाने हात लावावा. दुधाची बाटली तोंडात ठेवून बाळाला झोपवू नये, पुढचे दात वरच्यावर किडून जातात.

आता पुरुषमंडळी. बायकांच्या मशेरीला नावे ठेवणारे उपासक स्वतः रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून तंबाखूचा बार भरतात. राज्यात २०१२ साली गुटखाबंदी झाली, तरी सुपारी आणि तंबाखूच्या पुड्या टपरीवर मिळतातच. आरशापुढे उभे राहून आपलीच तीन बोटे उभी तोंडात जातात का ते पाहावे. जात नसतील, तिखट झोंबत असेल, गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर त्याच आठवड्यात दवाखाना गाठावा. जे दुखत नाही तेच येथे जास्त धोक्याचे असते.

भोसरीच्या एमआयडीसीत प्लेटिंगच्या, आम्लात लोखंड धुण्याच्या कामावर जी पोरे आहेत त्यांच्यासाठी थोडे वेगळे. आम्लाच्या वाफेने पुढच्या दातांच्या कडा पातळ होतात, दात आंबल्यासारखे वाटतात. हे म्हातारपण नव्हे, कामाचा परिणाम आहे. वाफ ओढणारे पंखे लावणे आणि तोंडावर बांधायला योग्य मास्क देणे हे मालकाचे कायदेशीर काम आहे, मेहरबानी नव्हे. कामावरून सुटल्यावर लगेच ब्रश करू नये, कारण आम्लाने मऊ झालेले कवच घासले जाते. साध्या पाण्याने चूळ भरावी आणि तासाभराने घासावे.

लोक दाढ शेवटच्या दिवसापर्यंत अंगावर काढतात याचे कारण आम्हाला माहीत आहे. कंत्राटी कामगाराला एक खाडा म्हणजे एक हजेरी बुडाली, ठेकेदाराचे बोलणे वेगळे. पण लहान भोक असताना एका खेपेत सिमेंट भरून काम होते. कीड नसेपर्यंत गेली की रूट कॅनलच्या तीन-चार खेपा आणि वर कॅपचा खर्च. खाड्याचाच हिशेब केला तरी लवकर जाणे स्वस्त. ज्यांचा राज्य कामगार विमा आहे त्यांच्या पगारातून जुलै २०१९ पासून पाऊण टक्का कापला जातो. त्या पैशाचा हक्क म्हणून चिंचवडच्या मोहननगरातील विमा रुग्णालयात चौकशी करावी. पिंपरीत संत तुकारामनगरला महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे, आणि तेथेच डॉ. डी. वाय. पाटील दंत महाविद्यालयही आहे. दंत महाविद्यालयांत शिकणारे डॉक्टर गुरुजनांच्या देखरेखीखाली काम करतात, वेळ जास्त लागतो, पण खासगी दवाखान्यापेक्षा खर्च साधारणपणे कमी येतो. दात साफ केल्याने दात हलतात, वरची दाढ काढली की नजर जाते, या दोन्ही गोष्टी खोट्या आहेत. दातांवरचे कीटण निघाल्यावर फटी दिसतात इतकेच, त्या आधीपासून होत्या.

देहूरोडच्या विहारात बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्या दिवशी दरवर्षी तेथे मोठी गर्दी लोटते. पुस्तकांचे स्टॉल असतात. त्यांच्या शेजारी एखाद्या महिला मंडळाने एक टेबल, एक खुर्ची, एक बॅटरी आणि दंत महाविद्यालयाचे दोन डॉक्टर एवढी सोय केली तर आमच्या आयाबहिणी रांग लावतील असे आम्हाला वाटते. परवानगी आणि डॉक्टर यांसाठी अर्ज दोन महिने आधी द्यावा लागेल. ज्या ज्येष्ठांना कवळी आहे त्यांनी ती तपासायला बरोबर आणावी, हातरुमालात कोरडी नव्हे, पाण्याच्या डब्यात. आणि घरीही ती रात्री काढून, ब्रशने धुऊन, पाण्यात ठेवावी.