डोक्याचा मुका मार

‘डोळ्यांपुढे काजवे चमकणे’ या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग तुम्ही परीक्षेत केव्हातरी केलाच असेल. पण बाहेर प्रकाश नसताना ते काजवे दिसतात कसे? धक्क्यामुळे दृष्टीचे काम पाहणाऱ्या मज्जापेशी विनाकारण उद्दीपित होतात म्हणून. म्हणजे काजवे हे मेंदूला हादरा बसल्याचे चिन्ह आहे. आपण मात्र पडलेल्या मुलाला उठवतो, तोंडावर पाणी मारतो, ‘काही झालं नाही, मुंगी मेली’ म्हणतो आणि पुन्हा खेळात ढकलतो. माझा आक्षेप आहे तो या ढकलण्यावर.

या हादऱ्याला डॉक्टर ‘कन्कशन’ म्हणतात. मराठीत त्याला ‘मेंदूचा मुका मार’ म्हणायला हरकत नाही. जखम नाही, रक्त नाही, कधी टेंगूळही नाही. पुष्कळांची अशी समजूत असते की मुलगा बेशुद्ध पडला तरच मेंदूला इजा झाली. ती चुकीची आहे. बहुतेक वेळा शुद्ध हरपतच नाही.

आता थोडे गणित करू. कबड्डीत पाय ओढला गेलेला मुलगा पाठीवर आपटतो आणि त्याचे डोके सुमारे दीड मीटर उंचीवरून खाली येते, असे धरा. जमिनीवर आदळताना त्याचा वेग सेकंदाला जवळजवळ ५.४ मीटर, म्हणजे सायकल जोरात हाणणाऱ्या मुलाइतका होतो. फरशीवर हे डोके समजा ५ मिलिमीटर अंतरात थांबले, तर १५०० भागिले ५, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या ३०० पट मंदन झाले. मध्ये हेल्मेटातील थर असता आणि थांबायला २५ मिलिमीटर मिळाले असते, तर हाच आकडा ६० वर येतो. हेल्मेट कवटी वाचवते ते असे.

पण कवटी वाचली म्हणजे मेंदू वाचला असे नाही. ऑक्सफर्डमधील होलबोर्न नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने १९४३ साली हे दाखवून दिले. (वैद्यकातला हा प्रश्न आमच्या विषयाच्या माणसाने हाती घेतला, याचा मला थोडा अभिमान वाटतो!) मेंदूऐवजी त्याने जिलेटिन घेतले. मेंदूसारखा पदार्थ दाबून लहान करणे फार कठीण, पण त्याचे थर एकमेकांवरून सरकवणे अगदी सोपे. म्हणून सरळ धक्क्यापेक्षा डोके झटक्यात फिरणे अधिक घातक, असा त्याचा युक्तिवाद होता. घरी विरजलेल्या दह्याचे गोल भांडे झटकन फिरवून थांबवा. भांडे थांबते, पण मधले दही जडत्वामुळे आपलीच गती धरून राहू पाहते आणि काठाशी चीर पडते. मेंदूत अशाने मज्जातंतू ताणले जातात. पेशींतील पोटॅशियम बाहेर जाते, कॅल्शियम आत शिरते आणि हा तोल पूर्ववत करण्यासाठी पेशींना जादा ऊर्जा लागते. नेमका त्याच वेळी रक्ताचा पुरवठा कमी पडतो. अशा अवस्थेत दुसरा धक्का बसला, तर तो पहिल्यापेक्षा महागात पडू शकतो.

लक्षणे लगेच दिसतीलच असेही नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथच्या मानेवर जोफ्रा आर्चरचा चेंडू बसला. तपासणीत सर्व ठीक निघाले आणि तो पुन्हा फलंदाजीला आला. दुसऱ्या दिवशी मात्र कन्कशनची लक्षणे दिसू लागली. त्याच महिन्यापासून लागू झालेल्या नियमानुसार त्याच्या जागी लाबुशेन खेळला. मोठ्या खेळाडूंसाठी सोबत डॉक्टर असतो, बदली खेळाडू असतो. आपल्या शाळेच्या मैदानावर असतात पी. टी. चे सर, कापूस आणि आयोडीनची बाटली.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याने २००९ साली यासाठी कायदा केला. त्याआधी १३ वर्षांचा एक मुलगा डोक्याला मार लागल्यावर पुन्हा मैदानात उतरला आणि त्याच्या मेंदूला कायमची इजा झाली होती. संशय आला की मुलाला बाहेर काढायचे, अधिकृत वैद्यकीय व्यक्तीच्या लेखी परवानगीशिवाय परत घ्यायचे नाही, आणि पालकांनी दरवर्षी माहितीपत्रक वाचून सही करायची. यातल्या एकाही गोष्टीला फारसा पैसा लागत नाही. मग आपल्या शाळांत हे का होऊ नये?

डॉक्टरांविषयीही थोडे बोलले पाहिजे. ‘सीटी स्कॅन नॉर्मल आहे, काही झालेलं नाही’ हे वाक्य अनेक घरांनी ऐकलेले असते. त्यातला पूर्वार्ध बरोबर, उत्तरार्ध नाही. स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, हाड मोडलेले दिसते; पेशींच्या कामातला बिघाड दिसत नाही. पुढे महिनाभर तो मुलगा अक्षरांकडे पाहून डोके धरतो, गोंगाटाने चिडतो, आणि घरचे म्हणतात की अभ्यासाची टाळाटाळ चालली आहे. मुलाला सर्वांत जास्त त्रास याच बोलण्याचा होत असावा. डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीबरोबर चार ओळींचा कागद दिला, तर तो शाळेत दाखवता येईल.

त्या कागदावर काय असावे? पूर्वी अंधाऱ्या खोलीत पडून राहायला सांगत. २०२२ च्या ॲम्स्टरडॅम परिषदेतील तज्ज्ञांनी ते बाजूला सारले. पहिले एक-दोन दिवस बेताची विश्रांती, मोबाइल-टीव्ही कमी, मग हलके चालणे, हळूहळू शाळा, आणि खेळ सर्वांत शेवटी, डॉक्टरांच्या संमतीने. बहुतेक मुले चार आठवड्यांत बरी होतात, हेही त्यावर लिहावे, म्हणजे आई उगाच घाबरणार नाही. वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, हातापायांत अशक्तपणा, जागे करूनही न जाणारी गुंगी यांपैकी काहीही दिसले तर मात्र तडक रुग्णालय गाठावे.

खेड्यात स्कॅनची सोय नाही, तिथे काय करणार, असे कोणी विचारील. संशय घ्यायला यंत्र लागत नाही. मुलाला विचारा, आपण कोणत्या मैदानावर आहोत? शेवटचा गुण कोणी घेतला? गेल्या सामन्यात कोण जिंकले? उत्तर अडखळले की तो मुलगा त्या दिवशी बाकावर बसेल. उत्तरे बरोबर आली, पण डोके दुखते किंवा गरगरते म्हणाला, तरीही बाकावरच. आणि त्या रात्री घरातले कोणीतरी त्याच्याकडे लक्ष ठेवील.