उमेदवारीचं वर्ष

भोसरीच्या एका कारखान्यात वर्षभर शिकाऊ उमेदवारी केलेल्या आयटीआयच्या विद्यार्थ्याची रोजनिशी या अंकात आहे. लेथ चालवायला तो वर्गात शिकला होताच. पण गरम जॉबला व्हर्नियर लावला तर निवल्यावर तो मापात कमी भरतो, हे त्याला रात्रपाळीच्या मिस्त्रींनी दाखवलं. सुरुवातीचे महिने मात्र झाडलोट आणि लोखंडाचा कीस गोळा करण्यातच गेले, हेही तो आडपडदा न ठेवता लिहितो. १९६१चा शिकाऊ उमेदवारी कायदा अशा मुलांना कामगार नव्हे, प्रशिक्षणार्थी मानतो. राबायचं कामगारासारखं, हातात पडणार विद्यावेतन! आम्हाला हे पटत नाही. त्याने मात्र धाकट्या भावालाही तिथेच चिकटवायचं ठरवलंय. त्याची कारणं त्याच्याच शब्दांत वाचा.